धयकालो डॉट वेव्ह

गावाला निघालेल्या चाकरमान्याची बॅग हा खरं तर पीएचडीचा विषय आहे. पूर्वी तिच्यात पोरांसाठी बिस्किटांचे पुडे, आजीसाठी गुडघ्याचं तेल, मामासाठी टॉर्चचे सेल असा सगळा मामला असायचा. आता निम्मी बॅग वायरींनीच भरते. आणि गेल्या काही वर्षांत त्या वायरींच्या गुंत्यात आणखी एक डबी शिरलीय, ऑडिओ इंटरफेस नावाची. कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना आता काहीतरी 'रेकॉर्ड' करायचं असतं. कुणाला पॉडकास्ट काढायचाय, कुणाला आजोबांच्या आवाजातली आरती जपून ठेवायचीय, कुणाला गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक अख्खंच्या अख्खं हवंय. माइक घेऊन होतो. हेडफोन ऑफिसचेच असतात (हळू बोला!). आणि मग गाडी नेमकी एकाच स्टेशनात येऊन अडते. सॉफ्टवेअर कुठलं? विकतचं की फुकटचं?

ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न नुसता टाकून बघा. धमाल येते. एक पार्टी म्हणते, 'प्रो टूल्स नाही तर काहीच नाही बॉस, मोठमोठ्या स्टुडिओत तेच चालतं.' दुसरी पार्टी ओपन सोर्सवाली. ती लगेच टेबल वाजवून ऑडॅसिटीचा जयजयकार करते. एवढ्यात तिसरा कुणीतरी शांतपणे खिशातून पेनड्राइव्ह काढतो. 'घे, सगळं आहे यात. इन्स्टॉल करताना इंटरनेट तेवढं बंद ठेव.' बहुतेक वेळा चर्चा तिथंच संपते.

माझ्याकडे हा प्रश्न मालवण तालुक्यातून आला. मामेभावाचा तिकडे साऊंडचा धंदा आहे. लग्नं, पूजा, क्रिकेटच्या टुर्नामेंट आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रोज रात्री कुठे ना कुठे दशावतार. बाबा नवा मिक्सर घेऊन बसलाय, सेकंडहँड आठ इनपुटचा इंटरफेसही मिळवलाय. मेसेज आला, 'दादा, रेकॉर्डिंगसाठी कुठचा सॉफ्टवेअर घेव? इकत घेव काय फुकटचा चलात?' आणि खाली लगेच दुसरी ओळ, 'फुकटचा असा म्हणजे तेच्यात कायतरी मेख असतली.'

आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' असं म्हणायची पद्धत आहे. पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र माणसं एकदम उलटी वागतात. फुकटचं म्हणजे टुकार, आणि महागडं म्हणजे आपोआप प्रोफेशनल. गंमत म्हणजे ते महागडं सॉफ्टवेअर कुणीच पैसे देऊन घेतलेलं नसतं!

तर आधी त्या पेनड्राइव्हचं बोलूया. ज्यांचं कॉलेज २००० च्या आसपासचं आहे, त्यांना कूल एडिट आठवत असेल. सायबर कॅफेतल्या प्रत्येक सीडीत ते असायचं. हौशी एकांकिकांचं म्युझिक, गॅदरिंगचे मिक्स, सगळं त्यावर. २००३ मध्ये अडोबीने ते सिंट्रिलियम कंपनीकडून १ कोटी ६५ लाख डॉलरला विकत घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं. तेव्हा विकत घ्यायचं ठरवलं असतं तरी क्रेडिट कार्ड कुणाकडे होतं, डॉलर कुठून आणायचे, असा सवाल असायचा. ते कारण आता उरलेलं नाही. आज आपण रात्री दोन वाजता स्नीकर्स ऑर्डर करतो. तरी पेनड्राइव्ह फिरतोच आहे.

त्याची किंमत कागदावर आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ६३ ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण दंड तरीही ५० हजारांपर्यंत जाऊ शकतो. मामेभावाचा तर धंदाच आहे. कुणी बघायला येतंय कशाला, असं तो म्हणाला. बरोबर आहे, पोलीस लॅपटॉप उघडून बघायला जत्रेत येत नाहीत. पण चोर येतात, आणि तेही लॅपटॉपच्या आतून. २०१९ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने 'लाउडमायनर' नावाचं प्रकरण उघडं केलं. म्युझिक सॉफ्टवेअरच्या क्रॅक कॉप्यांमध्ये कुणीतरी क्रिप्टोकरन्सी खणणारा प्रोग्राम दडवून ठेवला होता. ऑडिओवालेच का धरले? तर म्हणे, त्यांची मशिन्स तगडी असतात, फाइली तशाही अवाढव्य असतात आणि पंखा घरघरला तरी त्यांना काही वावगं वाटत नाही. भन्नाट लॉजिक! म्हणजे आपण मध्यरात्री पखवाज रेकॉर्ड करतोय आणि लॅपटॉप दुसऱ्याच कुणासाठी खाणकाम करतोय.

मला वैयक्तिक यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. क्रॅकवाला माणूस अपडेट करू शकत नाही, कुणाला मदत मागू शकत नाही आणि लॅपटॉप बदलला की त्याला पुन्हा पेनड्राइव्हवाल्याच्या पाया पडावं लागतं. गेल्या वर्षी मामेभावाने एका डबलबारीचं रेकॉर्डिंग असंच कुणाच्या तरी कॉपीवर केलं होतं. पुढे विंडोज नवं टाकलं आणि प्रोजेक्ट उघडेना. बुवा गायले, गजर झाला, पब्लिकने टाळ्या वाजवल्या, आणि ते सगळं आता एका अशा फाइलमध्ये आहे जी 'अननोन फॉरमॅट' एवढंच बोलते.

म्हणून त्याला म्हटलं, ब्रँड राहू दे बाजूला, आधी काम काय आहे ते बघू.

ज्यांनी दशावतार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गात त्याला धयकालो म्हणतात, म्हणजे दहीकाला. देवळासमोर मांडव, स्टेजवर एक बाकडं, एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. जेवणं, पालखी वगैरे आटोपून मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतं. आधी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, संकासुर, मग मुख्य आख्यान, आणि संपताना पहाट. लिहिलेली संहिता नाही! कथा ठरलेली, संवाद मात्र तिथल्या तिथे. आज रात्री जो राजा आणि जो नारद बोलतील ते उद्या शेजारच्या गावात तसंच्या तसं बोलणार नाहीत. स्त्रीपार्टी पुरुषच असतो आणि तो रडायला लागला की म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात. म्हणजे रेकॉर्डिंगवाल्याला इथे रीटेक नाही. जे गेलं ते गेलं.

आता याचा हिशेब करा. नीट क्वालिटीत, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये, स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं तर तासाला साधारण १ जीबी लागते. पाच तासांच्या नाटकाला ५ जीबीहून थोडं जास्त. हार्ड डिस्कच्या हिशेबात हे चिल्लर आहे. पण ग्यानबाची मेख अशी की साधी वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. तिच्या सुरुवातीला साइज लिहायला जी जागा ठेवलीय, तिच्यात त्याहून मोठा आकडाच मावत नाही. म्हणजे चार तास आणि थोड्या मिनिटांनी, नेमकं राक्षसाचा वध होतो त्या सुमाराला, फाइलचा दम संपतो! चांगले रेकॉर्डर अशा वेळी आपोआप दुसरी फाइल सुरू करतात. चांगली सॉफ्टवेअर आरएफ-६४ किंवा डब्ल्यू-६४ नावाच्या मोठ्या फाइली लिहितात. वेगवेगळे आठ ट्रॅक घेतले तर प्रत्येक मोनो फाइल पाच तासांत अडीच जीबीच्या वर थोडी जाते, तिथे हा घोळ होत नाही. सगळे मिळून २१ जीबीच्या आसपास.

आणि आठ ट्रॅक घेतलेच पाहिजेत का? तर दशावतारात, हो. मिक्सरमधून निघणारा तयार स्टिरिओ आवाज रेकॉर्ड केला की त्या रात्री मांडवात जे मिक्सिंग झालं ते कायमचं. झांज जरा जास्त लागली की झालं, राजाचं भाषण तिच्याखाली दबलेलंच राहणार. पेटी वेगळी, पखवाज वेगळा, झांज वेगळी, स्टेजवरचे माइक वेगळे असले तर दुसऱ्या दिवशी दुपारी, मासे-भात खाऊन, शांत डोक्याने सगळं हलवता येतं.

एवढं कळल्यावर सॉफ्टवेअरची भानगड एकदम सोपी होते.

ऑडॅसिटीपासून सुरू करू. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत डॉमिनिक मॅझोनी हा विद्यार्थी आणि रॉजर डॅननबर्ग हे त्याचे प्राध्यापक यांनी ते सुरू केलं, २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून फुकट. पण यातलं 'फुकट' हे हॉटेलात जेवणानंतर मिळणाऱ्या बडीशेपेसारखं नाही. सोलकढी तर फुकट मिळतेच, वर तिची रेसिपीही मिळते, आणि तुम्ही त्यात लसूण वाढवून शेजाऱ्यांना वाटलीत तरी कुणी हरकत घेत नाही, फक्त तुमच्या लसणाचं प्रमाणही तुम्ही सांगायचं. ओपन सोर्सचा फंडा हा एवढाच. म्हणूनच २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी ताब्यात घेतलं आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करायची भाषा सुरू झाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. कंपनीला ती योजना मागे घ्यावी लागली. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकं भांडायची सोय नसते.

एका-दोघांच्या गप्पा, पॉडकास्ट, आजीच्या ओव्या, जुन्या कॅसेटवरचं काही कॉम्प्युटरवर घेणं, या सगळ्याला ऑडॅसिटी पुरून उरतं. नॉइज रिडक्शन तर जत्रेसाठीच बनवल्यासारखं आहे. जनरेटरची घरघर जिथे एकटीच ऐकू येते असे दोन-चार सेकंद निवडायचे, ते त्याला 'शिकवायचे' आणि मग बाकीच्या फाइलमधून तो आवाज कमी करायचा. मात्र त्या सेकंदांत मागे पेटीचा सूर धरलेला असला तर सॉफ्टवेअर पेटीलाही कचरा समजतं. आणि हावरटपणा केला, सगळा आवाज धुऊनच काढायला गेलं, की राजा विहिरीत बसून बोलतोय असं वाटायला लागतं.

पण आठ माइकच्या कामात ऑडॅसिटी कमी पडतं, हे खुल्या मनाने मान्य करायला हवं. विंडोजवर अनेक इनपुटचे इंटरफेस ज्या एएसआयओ नावाच्या पद्धतीने बोलतात, ती वर्षानुवर्षं ऑडॅसिटीबरोबर मिळतच नव्हती. तांत्रिक अडचण काहीच नव्हती. एएसआयओवाल्या कंपनीचं लायसन्स आणि ऑडॅसिटीचं मुक्त लायसन्स यांच्या अटी जुळत नव्हत्या. वकिलांमुळे पखवाज अडला, असं हे प्रकरण. शिवाय जुन्या ऑडॅसिटीत प्रोजेक्ट म्हणजे एक छोटी फाइल आणि शेजारी शेकडो तुकड्यांचं एक फोल्डर असायचं. लोक ती छोटीच फाइल ई-मेल करायचे आणि समोरच्याला रिकामा डबा मिळायचा. मार्च २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलमध्ये असतं, ही मोठी सोय झाली.

मग विकतचं काय? इथे मी मामेभावाला रीपरचं नाव सांगितलं. त्याची स्टोरी ऐका. विनॅम्प आठवतं? एमपीथ्रीचं ते काळं-हिरवं खोकं, ज्याच्या स्किन बदलण्यात आपली अर्धी तरुणाई गेली? तो बनवणारा जस्टिन फ्रँकेल. १९९९ मध्ये त्याने आपली कंपनी एओएलला विकली, पुढे तिथून बाहेर पडला आणि रीपर बनवायला घेतलं. ६० दिवस ते फुकट वापरा, एकही फीचर बंद नाही. ६० दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना काही सेकंद 'साहेब, पैशांचं बघा' अशी आठवण करून देतं. आपल्या वाण्यासारखं. वर्षाची कमाई २० हजार डॉलरपेक्षा कमी असलेल्या छोट्या धंदेवाल्याला लायसन्स ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. त्याहून मोठ्याला २२५ डॉलर. एकदा घेतलं की दरमहा हप्ता नाही. आणि मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या टेक्स्टमध्ये असते. नोटपॅडमध्ये उघडून बघा, कुठली वेव्ह फाइल कितव्या सेकंदाला सुरू होते ते डोळ्यांनी वाचता येतं. उद्या रीपर नामशेष झालं तरी हा हिशेब माणसाला वाचता येईल.

प्रो टूल्सवाल्या पार्टीने रागावू नये. त्यांचंही एक फुकट रूप २०२२ पासून मिळतं, प्रो टूल्स इंट्रो. त्यात ऑडिओचे आठ ट्रॅक मिळतात आणि नोकरीसाठी स्टुडिओची वाट धरणाऱ्याने हात बसवायला ते जरूर घ्यावं. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच, कॉम्प्युटरच्या किमतीतच त्याचे पैसे कापलेले असतात. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढची अपडेट्स आयुष्यभर फुकट, डीजे मंडळींचा त्यावर जीव. पण ते बीट बांधायला उत्तम, पाच तासांचं धयकालो पकडायला घरचं काम नव्हे.

या 'आयुष्यभर' शब्दावर मात्र माझा फारसा विश्वास नाही. सोनार नावाचं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर होतं, केकवॉक कंपनीचं. २०१६ मध्ये त्यांनी 'आता पैसे भरा, अपडेट्स आयुष्यभर' अशी योजना काढली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालक असलेल्या गिब्सनने (हो, तेच गिटारवाले) केकवॉकचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. आयुष्य कुणाचं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं! २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं आणि चक्क सगळ्यांना फुकट वाटलं. जगभरात आनंदीआनंद. मग २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा पैसेवाल्या सोनारची घोषणा केली, पुढे त्याचीही एक फुकट आवृत्ती काढली. एकाच सॉफ्टवेअरने दहा वर्षांच्या आत विकत, बंद, फुकट, विकत आणि थोडं फुकट असे पाच अवतार दाखवले. बाकीचे पाचही येतील!

यातून मला दोन प्रकारच्या 'फुकट'मधला फरक दिसतो. कंपनीने मर्जीने दिलेलं फुकट मर्जीनेच काढून घेता येतं. ओपन सोर्सचं फुकट काढून घेता येत नाही, कारण रेसिपी गावभर पोचलेली असते. आणि मासिक हप्त्यावरचं विकत तर मला भाड्याच्या खोलीसारखं वाटतं. अडोबीचं ऑडिशन आज असंच, हप्त्यावर. ऑफिस पैसे भरतंय तोवर मजा. नोकरी बदलली, हप्ता थांबला, की प्रोजेक्ट फाइली कुलपात.

टिकण्याचा मुद्दा मी उगाच ताणत नाहीये. गावाकडची गाणी टिकवायचा विचार आपल्या खूप आधी, आणि आपल्यापेक्षा कितीतरी गंभीरपणे, पुण्यात झालेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक आणि कॉम्प्युटरतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि बायकांच्या आवाजात शंभराहून जास्त तास रेकॉर्डिंग झालं, डॅट नावाच्या डिजिटल टेपवर. त्या वेळचं उत्तम यंत्र ते. आज त्या टेप चालवणारं नवं मशीन बाजारात मिळत नाही, सोनीने २००५ मध्येच ती बनवणं थांबवलं. तरी त्या ओव्या आज आपल्याला ऐकता येतात, २०१७ पासून पारी म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' त्या प्रसिद्ध करतंय. कारण टेपवरचं वेळेत कॉम्प्युटरवर काढलं गेलं आणि कोण गातंय, कुठल्या गावची, कधी, हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. हे बेलसाहेब आणखी एका कारणासाठी मला भारी वाटतात. तबल्याचे बोल कॉम्प्युटरला समजावेत म्हणून जिम किपन यांच्याबरोबर त्यांनी १९८० च्या दशकात 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. ॲपलच्या त्या जमान्यातल्या छोट्या मशीनवर सुरू झालेलं ते काम आज ओपन सोर्स म्हणून चालू आहे. ॲपलचं ते मशीन मात्र कधीच भंगारात गेलं.

मामेभावाला मी जे कळवलं ते असं. ६० दिवस रीपर फुकट वापर. जत्रांचा मोसम सुरू आहे, दोन महिन्यांत हात बसेल. पहिल्या ऑर्डरचे पैसे आले की लायसन्स घे, त्यात घासाघीस नको. कापाकापी आणि आवाज साफ करायला ऑडॅसिटी ठेव. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वेव्हमध्ये काढून दोन वेगवेगळ्या डिस्कवर टाक. आणि सॉफ्टवेअरवर जे वाचले ते पैसे माइकला वाऱ्यापासून वाचवणाऱ्या फोमच्या टोप्यांवर आणि चांगल्या वायरींवर घाल. किनाऱ्यावरचा रात्रीचा वारा कुठल्याही प्लगइनला जुमानत नाही. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं नाही' असाही होतो, म्हणून मीच सुट्टी टाकून गेलो.

तिथे गेल्यावर या सगळ्या हिशेबात एक खर्च आम्ही दोघांनीही धरलेला नाही हे मंडळींच्या पायपेटीवाल्या काकांनी दाखवून दिलं. नाटकाआधी रंगपटात चहा चालला होता. कुणी मिशी चिकटवतंय, कुणी साडीच्या निऱ्या घालतंय. मी माइक कुठे लावू विचारायला गेलो, तर ते पेटीवरून नजर न काढता म्हणाले, 'झिला, ह्या सगळा रेकॉर्ड करून तू खय घालतलंस?'

यूट्यूबवर, असं उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. पण त्यांच्या प्रश्नात दम होता. यातले बरेचसे कलाकार दिवसा शेती नाहीतर मजुरी करतात आणि रात्रीच्या मानधनावर जागतात. मांडवात मोबाइलवर काढलेले व्हिडिओ सर्रास चढवले जातात, त्यावर कुणा तिसऱ्याच्याच जाहिराती चालतात. ज्या कॉपीराइट कायद्याने पेनड्राइव्हवाल्याला ३ वर्षं कैद सांगितलीय, त्याच कायद्याचं कलम ३८ आणि ३८ अ या काकांबद्दलही बोलतं. कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो, ५० वर्षं. त्याचं रेकॉर्डिंग करायचं, त्याच्या प्रती काढायच्या, लोकांपर्यंत पोचवायचं, तर त्याची परवानगी लागते. सॉफ्टवेअरच्या लायसन्सवर आम्ही दोन आठवडे काथ्याकूट केला होता. पेटीच्या, पखवाजाच्या, त्या रात्री नारद झालेल्या माणसाच्या लायसन्सचं कुणी विचारलंच नव्हतं, ना कँटीनमध्ये, ना मांडवात.

मग तिथेच बसून ठरवलं. मंडळींच्या मालकांना विचारलं, बाकीच्यांना विचारलं. वहीच्या एका पानावर चार ओळी लिहिल्या. रेकॉर्डिंग त्यांचं, कुठे टाकायचं ते तेच ठरवणार, पैसे आले तर मंडळींचा वाटा आधी, आणि प्रत्येक फाइलबरोबर सगळ्यांची नावं. खाली सह्या. रेकॉर्डिंगच्या रात्रीचं वेगळं मानधन मामेभावाने दिलं, आणि ते रीपरच्या लायसन्सपेक्षा जास्त होतं. त्याने कुरकुर केली नाही. उलट पुढच्या डबलबारीसाठी दोन्ही बुवांशी हेच बोलायचं त्याच्या डोक्यात आहे.

फाइलला नाव काय द्यायचं तेही काकांनीच सांगितलं. आधी गाव, मग तिथी, मग आख्यान, मग मंडळी आणि शेवटी पेटी, पखवाज, झांज वाजवणाऱ्यांची नावं. इतकं लांब नाव की स्क्रीनवर मावत नाही. असू दे. मी त्याला तारीख तेवढी जोडली.

पहाटे काला झाला. दुपारी आठही ट्रॅक दोन डिस्कवर गेले आणि संध्याकाळी एक पेनड्राइव्ह काकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. 'मोबाइलार लागता काय ह्या?' लागत नव्हता. मग त्यांच्यासाठी ऑडॅसिटीतून पाच तासांची एमपीथ्री काढली, २८८ एमबीची. गावात रेंज एका आंब्याखालीच येते. तिथे उभं राहून ती पाठवायला पाऊण तास लागला.